सामंतांचं प्रास्ताविक

‘नकार कसा पचवावा’ या विषयावरच्या व्याख्यानाचं सूत्रसंचालन करायला विठ्ठल सामंतांना नकार मिळाला, तेव्हा ते व्याख्यान न ऐकताच घरी निघून आले. वास्तविक डोंबिवलीच्या त्या पारिजात सोसायटीत व्याख्यानाची खरी गरज असलेला माणूस तेवढा एकच होता. बाकीची मंडळी कोजागिरीच्या मसाला दुधासाठी गच्चीवर जमली होती आणि दूध आटेपर्यंत त्यांना काहीही ऐकायला चालणार होतं.

बरं, नकार दिला तोही अगदी मायेनं. सोसायटीचा सेक्रेटरी सर्वेश, आयटीतला, चाळिशीचा. त्यानं सामंतांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “काका, अँकरिंग सान्वी करतेय. तुम्ही मस्त बसा, एन्जॉय करा.” सान्वी म्हणजे त्याची अकरावीतली मुलगी. खांद्यावर हात ठेवून माणसाला बाजूला करण्याची ही विद्या हल्ली कंपन्यांतून शिकवत असावेत. सामंतांच्या काळी साहेब नुसतं “नाही” म्हणायचे आणि फाइल परत यायची. त्यात निदान खांदा तरी आपला राहायचा.

सान्वीनं माइक हातात घेतला आणि “हॅलो पारिजात, आवाज येतोय का?” असं विचारलं. गच्ची एका सुरात “येतोय” म्हणाली आणि कार्यक्रम सुरू झाला. स्वागत नाही, दीपप्रज्वलनाचं महत्त्व नाही, प्रास्ताविक तर नाहीच. सामंतांच्या खिशात चार पानी प्रास्ताविक घडी घालून तयार होतं. ते त्यांनी चाचपलं आणि जिना उतरले.

“संपलं व्याख्यान?” दार उघडत नयननं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विचारलं.

“आमच्यापुरतं संपलं,” सामंत म्हणाले. मानी माणूस. मन दुखावलं की ते स्वतःला अनेकवचनी करून घेत.

सामंतांची आयुष्यात फार मोठी मागणी नव्हती. भरल्या सभेत माइकसमोर उभं राहावं, आपण बोलावं आणि लोकांनी ऐकावं, एवढंच. विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात सगळी नोकरी गेली. तिथे आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा असतो, भाषण करायचं नसतं. निरोप समारंभात अखेर बोलायची वेळ आली, ते उठले, त्यांनी घसा साफ केला, आणि नेमके तेव्हाच समोसे आले. गरम समोशापुढे उभं राहून बोलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्यालाच सामंतांचं दुःख कळेल. तेव्हापासून हे बोलणं आत अडकून राहिलं होतं, आणि अडकलेली गोष्ट वाढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे अण्णा आले. अण्णांच्या मते नकार सामंतांना मिळालेला नसून त्यांच्या आवाजाला मिळालेला होता. “आवाज कमवा, सामंत,” ते सोफ्यावर बसत म्हणाले, “आवाज नाभीतून आला पाहिजे. तुमचा चष्म्याच्या आसपासून येतो.” मग त्यांनी ज्येष्ठमध सांगितला, खडीसाखर सांगितली, दाढेत सुपारी धरून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला सांगितलं आणि रोज पहाटे भ्रामरी करायला सांगितलं. अण्णा स्वतः पोस्टात होते आणि त्यांचा आवाज कुकरच्या शिटीसारखा होता, पण सल्ल्याला आवाज लागत नाही.

सामंतांनी सगळं सुरू केलं. सुपारीचा प्रयोग एका दिवसात आटोपला, कारण दाढेत सुपारी धरून त्यांनी गॅस एजन्सीला फोन केला आणि पलीकडच्या बाईंनी “आजोबांना झटका आलाय, घरात कुणी आहे का?” असं विचारून नयनला धावत आणलं. भ्रामरी मात्र जमली. न्हाणीघरात दार लावून सामंत रोज पहाटे भुंग्यासारखे गुणगुणत, आणि न्हाणीघरात तो नाद असा काही घुमायचा की त्यांना स्वतःलाच भरून यायचं.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार आली की पाण्याची मोटर पहाटे विचित्र आवाज करतेय. खालच्या मजल्यांनी दुजोरा दिला. कुणी म्हणालं बेअरिंग गेलं, कुणी म्हणालं मोटर हवा ओढतेय. सामंतांनीही लिहिलं की अशा बाबतीत चालढकल बरी नव्हे. सर्वेशनं मेकॅनिक बोलावला. त्यानं मोटर सोडवून जमिनीवर मांडली, सोसायटीचं पाणी दिवसभर बंद राहिलं, आणि दुसऱ्या पहाटे मोटरचे तुकडे समोर पसरलेले असतानाही आवाज आलाच. मेकॅनिक भिंतीला कान लावत लावत जिना चढला आणि तिसऱ्या मजल्यावर सामंतांच्या दाराशी येऊन थांबला. त्याच्या मागे बादल्या घेतलेली निम्मी सोसायटी होती. अण्णाही होते. भ्रामरी हा शब्द आपण उभ्या जन्मात ऐकला नसल्याचा त्यांचा चेहरा होता.

एवढ्यावर एखादा गप्प बसला असता. पण सामंत ठाण्याला गेले. खोपटजवळच्या एका सभागृहात ‘निवेदन कौशल्य कार्यशाळा’ होती. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं दोन मिनिटांत एका काल्पनिक पाहुण्याची ओळख करून द्यायची होती. घंटा वाजली तेव्हा सामंत सभागृहाच्या ओळखीवर होते, पाहुण्यापर्यंत पोचायचेच होते. बाकीच्यांच्या प्रमाणपत्रावर ‘यशस्वीरीत्या पूर्ण केली’ असं छापलेलं होतं. सामंतांच्या प्रमाणपत्रावर ते खोडून वर पेनानं ‘उपस्थित होते’ असं लिहिलेलं होतं. परतीच्या बसमध्ये त्यांनी ते सरळ पिशवीत तळाशी घातलं.

घरी नयननं ताटं घेतली. मसाल्याची भरली वांगी होती, छोटी, काटेरी, झकास. “ही वांगी आपल्या बाजारातली नाहीत,” सामंत त्या दुःखातही म्हणाले, कारण भाजीच्या बाबतीत त्यांची नजर पक्की होती.

“कल्याणहून आणली,” नयन म्हणाली. “गेले होते जरा.”

कल्याणला कशाला गेली होतीस, हे खरं तर विचारायला हवं होतं. पण सामंतांना ‘उपस्थित होते’ या शब्दांतल्या अपमानाचं विश्लेषण करायचं होतं आणि ते ताक येईपर्यंत चाललं. नयन ऐकत होती, अधूनमधून “हो ना” म्हणत होती. त्या हिवाळ्यात कल्याणची भाजी घरात वरचेवर यायला लागली. एकदा वालाच्या शेंगा आल्या, एकदा नवलकोल आला. सामंतांनी प्रत्येक भाजीसोबत आपलं एकेक दुःख मांडलं आणि पोळी वाढून घेतली.

तसंच एकदा ते खाली गेले तेव्हा आपल्या गाडीचं कव्हर व्यवस्थित घडी करून डिकीवर ठेवलेलं दिसलं आणि ड्रायव्हरची सीट पुढे सरकलेली. ही पांढरी गाडी मुलगा बंगळूरला जाताना ठेवून गेला होता. सामंतांना गाडी चालवता येत होती, पण ते चालवत नसत. दसऱ्याला धुवायची, झेंडूचा हार घालायचा, खळ्ळकन नारळ फोडायचा आणि पुन्हा कव्हर. एरवी बॉनेटवर नयनचे पापड वाळत. सीट पुढे कशी आली यावर सामंतांनी विचार केला आणि उंदीर असा निष्कर्ष काढून वर आले.

पुढे फेब्रुवारीत सोसायटीचा वर्धापनदिन ठरला. कार्यक्रम शेजारच्या मोकळ्या मैदानात होणार होता. सर्वेश स्वतः घरी आला. त्याला पाहताच सामंतांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. त्यांनी नयनला चहा टाकायला सांगितलं आणि खुर्चीत ताठ बसले.

“काका, माइकचं काम फक्त तुम्हीच करू शकता,” सर्वेश म्हणाला.

“आम्ही कधी नाही म्हटलंय का?” सामंतांचा आवाज या वेळी खरोखर नाभीतून आला.

“ग्रेट. मग परवानगीचा अर्ज तुम्ही लिहा. स्पीकरला पोलिसांची लागते ना. तुमचं मराठी एकदम ऑफिशियल आहे. अँकरिंग सान्वी बघेल.”

म्हणजे माइक लावायची परवानगी सामंतांनी आणायची आणि माइकवर बोलायचं सान्वीनं. हॉटेलच्या दारात उभं राहून लोकांना आत सोडणाऱ्यानंही निदान आतला वास घेतलेला असतो. सामंतांनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला. पण नाही म्हणणं त्यांना जमत नसे; नकार काय असतो हे ठाऊक असलेल्या माणसाला तो दुसऱ्याला देववत नाही. त्यांनी अर्ज लिहिला. दोन पानं झाली. पोलीस चौकीतल्या हवालदारानं तो शांतपणे वाचला, उलटवला आणि विचारलं, “यात तुम्हाला पाहिजे काय ते कुठे लिहिलंय?”

“ते शेवटच्या परिच्छेदात येतं.”

“आधी वॉर्ड ऑफिसचं मैदानाचं पत्र आणा, काका.”

वॉर्ड ऑफिसात सांगितलं की पोलिसांचं पत्र आल्याशिवाय मैदानाचं पत्र निघत नाही. चौकीत सांगितलं की तसा नियमच आहे, पण उलट्या बाजूनं. सामंत त्या दोन इमारतींमध्ये इतक्या वेळा गेले-आले की मधला चहावाला न विचारता कटिंग पुढे करू लागला. त्याच चौकीच्या बाकावर त्यांना गोविंदाशेठ भेटले.

गोविंदाशेठ शीळफाट्याकडच्या एका गावचे, मूळचे भूमिपुत्र. पारिजात सोसायटी उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांच्याच वडिलांचं भातशेत. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी आणि हातात अर्ज. पुतण्याच्या हळदीला स्पीकर वाजवायचा होता. त्यांचा अर्ज एका ओळीचा होता: ‘माझे पुतण्याची हळद आहे तरी वाजवायला द्यावे.’ हवालदारानं तोही परत केला होता, कारण तारीख नव्हती. सामंतांनी न राहवून त्यांना तिथल्या तिथे नवा अर्ज लिहून दिला. त्यात विवाहसंस्थेचं सामाजिक स्थान आलं, हळदीचे औषधी गुण आले आणि चुकून तारीखही आली. गोविंदाशेठनी तो कुणालातरी फोनवर मोठ्यानं वाचून दाखवला, मग आत गेले, आणि जरा वेळानं दोघांच्याही परवानग्या घेऊन बाहेर आले.

“सायेब, तुमी लिवला तो मना काय समाजला नाय,” ते म्हणाले, “पन आयकाला जाम गोर वाटला. आमचे दिपेशचे हलदीला यवाचा. माइकवर तुमीच बोलाचा.”

इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी हो म्हटलं होतं, आणि तेही न मागता. सामंतांना रस्त्यात उभ्या उभ्या भरून आलं. घरी येईपर्यंत त्यांनी चहावाल्यालाही बातमी सांगून टाकली होती.

मग भाषणाची तयारी सुरू झाली. हळद या विषयावर इतकं लिहिता येतं हे हळदीलाही माहीत नसेल. रोज संध्याकाळी सामंत उभं राहून वाचत आणि नयन समोर मटार सोलत ऐकायची. “मधलं थोडं कापा,” ती एकदा म्हणाली. “लोकं उभी असतात हो हळदीला.” सामंतांनी मधलं कापलं आणि सुरुवातीला तेवढंच वाढवलं.

हळदीच्या दिवशी दिपेशचे मित्र त्यांना दुपारीच जीपमधून घेऊन गेले. सिल्कचा झब्बा, त्यावर जाकीट, खिशात भाषण. नयन सातच्या सुमाराला रिक्षानं येणार होती.

हळद म्हणजे काय हे ज्यानं त्या गावांत पाहिलेलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सामंतांना चार सुवासिनी आणि एक पाट एवढंच माहीत होतं. इथे मैदानभर मांडव होता, कमानीवर दिपेशचा दोन मजली फोटो होता, जेवणाच्या रांगेत अख्खी तीन गावं उभी होती आणि बँजो पार्टी असं काही वाजवत होती की झब्ब्याच्या गुंड्या आपोआप थरथरत होत्या. आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना आमंत्रण होतं. सर्वेश पुढच्या रांगेत कोंबडी-वडे खात बसला होता. त्यानं सामंतांना पाहून अंगठा दाखवला.

स्टेजवर एक भाड्यानं आणलेला अँकरही होता. फाटकी जीन्स, डोळ्यांवर संध्याकाळचा गॉगल. सामंत त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. “सायेब, आता तुमचाच नंबर,” गोविंदाशेठ जाता येता सांगत होते. तेवढ्यात कुठलेसे नेते आले आणि त्यांचा सत्कार झाला. मग नेत्यांच्या माणसांचा झाला. मग मामा नाचायला उतरले, आणि मामा नाचत असताना त्या गावात देवालाही बोलता येत नाही. कुणीतरी प्रेमानं सामंतांच्याही दोन्ही गालांना हळद फासली, उरलेली जाकिटाला पुसली. भाषण खिशातून काढलं तेव्हा ते पिवळंधमक आणि ओलं झालेलं होतं. ‘उपस्थित सुजनहो’ एवढंच वाचता येत होतं.

सामंत स्टेजच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. समोसे, भ्रामरी, ‘उपस्थित होते’, सगळं एकदमच त्यांच्या मनात आलं. आपल्याला आयुष्यात कुणी ऐकणार नाही, हे त्यांनी त्या खुर्चीत मनाशी कबूल केलं. पिवळं भाषण त्यांनी पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं.

इतक्यात गोविंदाशेठ धावत आले. दिपेशला लागलेली उष्टी हळद नवरीकडे आंबिवलीला निघायची होती. ती पोचल्याशिवाय कृतिकाला, म्हणजे नवरीला, हळद लागत नाही, आणि तिकडे सगळा मांडव पाटाभोवती ताटकळत बसला होता. हळदीचं ताट घेऊन बाया जीपमध्ये बसल्यासुद्धा होत्या, पण जीप हलेना.

“कोनाची तरी गारी फाटकान उबी हाय,” गोविंदाशेठ घामाघूम झाले होते. “त्या अँकरला कवाशी सांगतंय, कोन आयकतच नाय.”

अँकर खरोखर जीव तोडून ओरडत होता. “ओ भाईलोग, प्लीज, गाडी हटाओ यार, दूल्हे की हल्दी का सवाल है!” लोकांना ते गाण्याचंच पुढचं कडवं वाटत होतं आणि ते त्यावर नाचत होते.

गोविंदाशेठनी त्याच्या हातातला माइक काढला आणि सामंतांच्या हातात दिला. “सायेब, तुमी बोला. तुमचा आयकून तरी लोका घाबरतीन.”

सामंत उठले. माइक जड होता. त्यांनी घसा साफ केला आणि तो आवाज आठही स्पीकरमधून मैदानभर गेला. बँजोवाल्यांना वाटलं पोलीस आले; त्यांनी हात थांबवले.

“उपस्थित सुजनहो,” सामंत म्हणाले, “आपलं लक्ष एका गंभीर बाबीकडे वेधणं क्रमप्राप्त आहे.”

मैदान चिडीचूप झालं. हा माणूस पोलीस खात्यातला, की महापालिकेचा, की आणखी वरचा, असं लोक एकमेकांना विचारू लागले. सर्वेशच्या हातातला वडा तोंडाशी थांबला. तीन गावं सामंतांकडे पाहत होती आणि सामंतांना पहिल्यांदाच कळलं की शांतता म्हणजे काय. मग त्यांना कोण आवरणार? ते नागरिकशास्त्रावर आले. एका बेफिकीर वाहनधारकामुळे दोन घरांचं मंगलकार्य कसं खोळंबतं, हे त्यांनी विशद केलं. अशी माणसं घरात तरी कशी वागत असतील, त्यांच्या बायकोनं हे कसं सोसलं असेल, असे काही प्रश्न त्यांनी सभेपुढे ठेवले. बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या. टाळ्या! सामंतांनी एक हात मागे बांधला.

“अशा त्या गृहस्थाच्या वाहनाचा क्रमांक मी आता वाचून दाखवतो,” ते म्हणाले आणि गोविंदाशेठनी हातात सरकवलेली चिठ्ठी चष्म्यासमोर धरली. “एमएच झिरो फाइव्ह...”

पुढचे आकडे त्यांनी निम्मे वाचले आणि थांबले. मग चिठ्ठी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. क्रमांक बदलला नाही.

“ही गाडी,” सामंत माइकवरच म्हणाले, “माझी आहे.”

क्षणभर कुणाला काही समजेना. “ती आमच्या बिल्डिंगखाली कव्हरमध्ये आहे,” ते पुढे म्हणाले. “ती इथे कशी आली ते मला माहीत नाही.”

मग जो हशा उठला तो शीळफाट्यापर्यंत गेला असेल. सर्वेशला ठसका लागला. म्हातारे कोतारे खुर्च्यांवर हात आपटत हसत होते. आणि त्या हशात बायकांच्या बाजूनं एक हात वर झाला. गालांना हळद, डोक्यात गजरा. नयन उभी होती.

“अहो, मी आणली,” ती लांबूनच म्हणाली. “रिक्षाच मिळेना.”

ती खुर्च्यांमधून वाट काढत फाटकाकडे निघाली. सामंत स्टेजवरून उतरून तिच्या मागे गेले. बिनतारी माइक हातात तसाच राहिला. फाटकात गाडी अडकली होती ती बरोबर एका बाजूला ट्रान्सफॉर्मर आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्यांचा टेम्पो यांच्या मध्ये. काढायची तर मागे घेऊनच काढायला लागणार होती, आणि मागे बँजोवाल्यांचा जनरेटर होता.

“तू चालवणार?” सामंतांनी विचारलं. हेही सगळ्या मैदानानं ऐकलं.

“मग कोण?” नयन पुढे सरकवलेल्या सीटवर बसत म्हणाली. उंदरांचा प्रश्न तिथे सुटला. तिनं काच खाली केली. तिचा चेहरा शांत होता, पण स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. ते सामंतांनी पाहिलं. “अहो,” ती हळूच म्हणाली, “मागे बघा हां. नीट सांगा. लांबवू नका.”

सामंत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी प्रास्ताविक केलं नाही. स्वागत केलं नाही. माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, “येऊ दे.”

गाडी हलली.

“येऊ दे, येऊ दे. थोडं डावीकडे. येऊ दे.”

माणसं आता फाटकाशी जमली होती. आधी कुणीतरी एकानं म्हटलं, मग दहाजणांनी, आणि मग अख्खा मांडव सामंतांच्या मागोमाग म्हणू लागला, “येऊ दे!” बँजोवाल्यांनी ठेका धरला. ट्रान्सफॉर्मर गेला, टेम्पो गेला. जनरेटर वीतभर उरला तेव्हा सामंतांनी हात वर केला. “थांब.” गाडी थांबली. सगळं मैदानही थांबलं. “आता पुढे. उजवीकडे. शाब्बास.”

शेवटचा शब्द सूचनेचा भाग नव्हता, तोही स्पीकरवर गेला. हळदीची जीप मोकळ्या फाटकातून आंबिवलीकडे सुटली आणि बायांनी नयनला गाडीतून उतरवून नाचायला नेलं. गोविंदाशेठ सामंतांच्या गळ्यात पडले. “सायेब, भाषान करावा तर असा,” ते म्हणाले. “थोरक्यान.” थोडक्यात बोलल्याबद्दल सामंतांना मिळालेली ती पहिलीच दाद होती.

परतताना नयनच गाडी चालवत होती. सामंत शेजारी बसले होते, गाल पिवळे, हात मांडीवर.

“लायसन्स कधी काढलंस?”

“गेल्या महिन्यात. कल्याणला परीक्षा असते ना.” नयननं गिअर बदलला. “पास आता झाले. त्याआधी तीनदा नापास. तिन्ही वेळा रिव्हर्सला.”

जनरेटर आणि गाडी यांच्यातली ती वीतभर जागा सामंतांच्या डोळ्यांपुढे आली. “तीनदा? आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुमचं चाललं होतं ना,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “दोघांनी एकदम कसं रडायचं? स्वयंपाक कोण करणार?”

“मग तू काय केलंस? नापास झालीस तेव्हा?”

नयननं थोडा विचार केला. असं काही केल्याचं तिच्या लक्षातच नसावं. “तिथे बाहेर उसाच्या रसाचं दुकान आहे. एक ग्लास रस प्यायचे. आलं घालून. मग पुढची तारीख घ्यायची आणि बाजारातून भाजी घेऊन घरी यायचं.”

“ती वांगी?”

“पहिल्यांदा नापास झाले तेव्हाची.”

“आणि वालाच्या शेंगा?”

“दुसऱ्यांदा. नवलकोल तिसऱ्यांदा.” ती हसली. “नवलकोलाच्या दिवशी मात्र रस दोन ग्लास प्यायले.”

नवलकोल निबर आहे, असं आपण त्या दिवशी म्हणालो होतो, हे सामंतांना आठवलं. ते खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना लाज वाटत होती आणि त्याच वेळी बायकोचा इतका अभिमान वाटत होता की बोलायला एकही लांब वाक्य सापडेना.

वर्धापनदिनाच्या आधी सर्वेश पुन्हा घरी आला. हळदीचा व्हिडिओ एव्हाना सगळ्या डोंबिवलीत फिरला होता. वाण्याच्या दुकानात लोक सामंतांना “येऊ दे” म्हणून हाक मारत. सामंत खुर्चीत ताठ बसले.

“काका, तुम्ही तर हिट आहात,” सर्वेशनं पुन्हा खांद्यावर हात ठेवला. “वर्धापनदिनाला पार्किंगच्या सूचना तुम्हीच द्या. कार्यक्रमाचं मात्र सान्वीच करेल. तिची प्रॅक्टिस झालीय ना.”

दुखलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच दुखलं. सामंतांनी दाराशी जाऊन सर्वेशला निरोप दिला, जिन्यात त्याची पावलं वाजेपर्यंत थांबले आणि आत आले. नयन कणीक मळत होती.

“नयन, हात धू. गाडी काढ,” ते म्हणाले. “कल्याणला जाऊन रस पिऊन येऊ.”

तिनं वळून पाहिलं. “का हो, काय झालं?”

“मी नापास झालो,” सामंत म्हणाले. “आलं घालून पिऊ.”

नयननं कणकेवर झाकण ठेवलं, हात धुतले आणि खुंटीवरची भाजीची पिशवी घेतली. सामंत तिच्या आधीच खाली उतरले. त्यांनी गाडीचं कव्हर काढून नीट घडी घातली, बॉनेटवरचे दोन पापड उचलून वॉचमनच्या हातात दिले आणि माइक नसताना, प्रास्ताविक न करता, गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

“येऊ दे,” ते म्हणाले.